कडप्प्याचा ओटा न फोडता: जुन्या स्वयंपाकघराची बेताच्या पैशात सुधारणा

आमच्या अमळनेरच्या घरातलं स्वयंपाकघर तीस वर्षांचं झालं होतं. कडप्प्याचा ओटा, त्यामागे दीड फूट उंचीच्या एकेकाळी पांढऱ्या असलेल्या टाइल्स, कोपऱ्यात मोरी, भिंतीवर स्टीलची मांडणी आणि एकच ट्यूब. तीही अशी लावलेली की ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली भाजीवर पडायची. मॉड्युलर किचनवाल्याने येऊन मापं घेतली, आकडा सांगितला आणि सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मना पाटाले हात लावू नको, मंग काय करनं ते कर." पाटा-वरवंटा राहिला, मॉड्युलरवाला गेला. पुढच्या चार महिन्यांत जमेल तसं एकेक काम करून घेतलं आणि त्या आकड्याच्या पाचव्या हिश्शात भागलं.

हे काम पहिल्यांदाच काढणाऱ्यांसाठी लिहिते आहे. घर भाड्याचं असेल तर साफसफाई, दिवे आणि मांडणी एवढंच करा. बाकीचा खर्च घरमालकाच्या भिंतीत जातो.

आधी आठ दिवस फक्त बघा

दाराला एक वही टांगा. स्वयंपाक करताना जिथे चिडचिड होते ते त्याच क्षणी एका ओळीत लिहायचं. माझ्या वहीत निघालं ते असं: मिक्सरचा प्लग शेगडीच्या पलीकडे, म्हणून वायर रोज आचेवरून जाते. कळण्याच्या पिठाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर. सिलिंडरपुढे पाण्याचा ड्रम. सिंकखाली काय आहे ते कोणालाच माहीत नाही. यातल्या तीन गोष्टी बिनपैशाने सुटल्या.

आपल्याकडच्या, खान्देशातल्या घरांना काही जास्तीच्या गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि दुकानातल्या चकचकीत चित्रांमध्ये त्यांना जागाच नसते. नळ रोज येत नाही, म्हणून ड्रम आणि हंडे हवेत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला वर्षाचे गहू, दादर ज्वारी आणि डाळ भरायची असते. मांडे भाजायचं मातीचं खापर असतं, बट्ट्या तळायची मोठी कढई असते, उन्हाळ्यात केलेल्या बिबड्यांचे (ज्वारीच्या पापडांचे) आणि कुरडयांचे डबे असतात. यांची यादी करून मोठ्या भांड्यांची मापं घ्या. आमचं सगळ्यात मोठं पातेलं तोंडाशी १९ इंच निघालं. सिंक कोणतं घ्यायचं ते तिथेच ठरलं.

ओट्याची उंचीही मोजून ठेवा. सरळ उभं राहून कोपर वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा, ती तुमची सोयीची उंची. बहुतेक बायकांना ३१ ते ३४ इंच लागते आणि जुने ओटे २८-३० चे असतात. म्हणून लगेच घण उचलू नका. शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते, त्यामुळे तिच्याखाली ओटा बुटका असलेला उलट बरा. कणीक मळायला आणि भाकरी थापायलाही खाली जोर द्यावा लागतो, तिथेही बुटका ओटा चालतो. अडचण फक्त चिरताना येते. मी वखारीतून तीन इंच जाडीचा सागवानी ठोकळा आणला, रंधा मारून घेतला, खाली रबराच्या चार चकत्या लावल्या. कंबरदुखी थांबली.

पैसे आणि वेळ

माझी वाटणी सांगते, तुमची वेगळी असेल. शंभर रुपयांतले तीस नळ, वीज आणि गॅसला, तीस शटर आणि कप्प्यांना, पंधरा ओटा-टाइल्सना, दहा रंग-दिव्यांना. उरलेले पंधरा बाजूला ठेवायचे, कारण भिंत उघडली की आत काहीतरी निघतंच. आमच्याकडे गंजून चाळणी झालेला जुना लोखंडी पाइप निघाला.

क्रम मोडू नका. आधी भिंतीच्या आतलं काम, मग ओटा आणि टाइल्स, मग सुतारकाम, शेवटी रंग. रंग आधी दिला की गवंडी त्याच भिंतीला शिडी टेकवतो.

छोटी कामं रोजंदारीवर दिली की लांबतात. उक्ती, म्हणजे पूर्ण कामाची एक रक्कम ठरवून द्या, पण माल स्वतः आणा. कागदावर लिहून घ्या: काय करायचं, किती दिवसांत, आणि मलबा कोण उचलणार. हे शेवटचं सगळे विसरतात, मग अंगणात महिनाभर ढिगारा पडून राहतो.

वेळ कोणती? मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर बिबडे असतात आणि ओट्यावर चीक, तेव्हा नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. त्या उन्हात सिमेंटचं पाणी उडून जातं, गिलावा भेगाळतो, आणि क्युरिंगसाठी पाणी मारायचं तर तेच टँकरचं. श्रावणात आपली कानबाई देवी घरी बसते, घर पाहुण्यांनी भरतं, म्हणजे त्याआधी सगळं आवरलेलं हवं, पण पावसाळ्यात रंग वाळत नाही. होळीच्या आधीचे दोन महिने सगळ्यात चांगले. दुसरी संधी पितृपक्षात. लोक नवं काम काढत नाहीत, कारागीर मोकळे असतात आणि घासाघीस ऐकून घेतात. घरातली मोठी माणसं कुरकुरली तर सांगायचं, नवं काही नाही, दुरुस्ती आहे.

साफसफाई: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कष्टाची

स्वयंपाकघर जुनाट दिसतं ते बरंचसं फोडण्यांच्या चिकट थरामुळे. शेवभाजीचा रस्सा आणि मिरचीचा ठेचा यांचं तेल वाफेबरोबर वर जातं आणि धुळीला धरून टाइल्स, पंखा, मांडणीवर बसतं. तो थर निघाल्याशिवाय कोणतीही खरेदी करू नका, कारण खाली काय आहे ते तुम्हाला आज दिसतच नाही.

तेलकट थराला धुण्याचा सोडा. एक लिटर कडकडीत पाण्यात दोन-तीन चमचे, हातात रबरी मोजे. फडकं भिजवून टाइलवर दहा मिनिटं चिकटवून ठेवा, मग घासा. पंख्याची पाती आणि मांडणीच्या जाळ्या काढून रात्रभर त्यात बुडवा. ॲल्युमिनियमची भांडी मात्र त्यात घालू नका, काळी पडतात.

बोअरच्या जड पाण्याने नळावर आणि सिंकच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तो सोड्याने हलत नाही. त्याला आंबट लागतं. किराणा दुकानातलं लिंबूफूल, एक चमचा कपभर कोमट पाण्यात, कापसाच्या बोळ्याने थरावर लावून अर्धा तास ठेवायचं. नळाच्या तोंडाची जाळीही त्यातच टाका. आमच्या नळाची धार परत आली ती यानेच, नवा नळ घ्यावा लागला नाही.

आता माझी चूक. ओट्यावरचा पांढुरका डाग जावा म्हणून मी बाथरूमचं ॲसिड पाण्यात मिसळून कडप्प्यावर ओतलं. फेस आला, मला वाटलं मळ निघतोय. निघत होता तो दगड. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड, आम्लाने विरघळतात. पोळीएवढी जागा करडी आणि खरखरीत झाली. कडप्प्यावर लिंबूसुद्धा सांडलं तर लगेच पुसायचं. ग्रॅनाइट याला दाद देत नाही. पण टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट ॲसिडने खाल्लं जातं आणि मग पाणी आत मुरतं. म्हणून स्वयंपाकघरात ॲसिडची बाटली आणूच नका. आणि ते ब्लीचिंग पावडरबरोबर तर कधीच नको, विषारी वायू निघतो.

एवढं झालं की दोन दिवस काहीही न करता तसंच वापरा. आमच्या टाइल्सवर फिकट निळी वेल होती, हे मला लग्नानंतर पंधरा वर्षांनी कळलं.

नळ, वीज, गॅस

इथे काटकसर नाही.

सिंक एकाच मोठ्या कप्प्याचं घ्या. दोन कप्प्यांच्या सिंकमध्ये आपलं पातेलं कोणत्याच कप्प्यात मावत नाही. घेताना आतली लांबी-रुंदी दोन्ही सगळ्यात मोठ्या पातेल्याच्या तोंडापेक्षा जास्त आहे ना ते मोजा; २४ बाय १८ इंचांचं सिंक आमच्या १९ इंची पातेल्याला पुरत नाही. खाली ट्रॅप बसवायला सांगा. त्या वळणात पाणी साठून राहतं म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. मोरी बुजवायचा मोह होतो. आम्ही बुजवली नाही. हंडे भरायला, खापर घासायला, पाहुण्यांची मोठी भांडी विसळायला तिच्याइतकं काही नाही. फक्त तिचा उतार दुरुस्त केला आणि नवी जाळी बसवली.

विजेसाठी एक सोपा हिशेब. मिक्सरला ६ ॲम्पिअरचा साधा प्लग चालतो. इंडक्शन, ओव्हन आणि गिझरला १६ ॲम्पिअरचा मोठा प्लग आणि त्याला बोर्डापासून वेगळी जाड वायर हवी. एकाच बोर्डावर मल्टिप्लग लावून सगळं चालवणं म्हणजे आग बोलावणं. ओट्याजवळ पाणी आणि वीज एकत्र असतात, म्हणून मीटरपाशी ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी बसवा. गळतीचा करंट जाणवला की ती क्षणात वीज तोडते. प्लग ओट्यापासून आठ-दहा इंच वर, सिंकपासून लांब आणि शेगडीच्या डोक्यावर कधीच नको.

गॅसची रबरी नळी पाहा, तिच्यावर साल छापलेलं असतं. सुरक्षा नळीची मुदत पाच वर्षांची. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, आणि भिंतीच्या किंवा कपाटाच्या आतून न दिसणारी तर नकोच. सिलिंडर ओट्याखाली दाराआड ठेवणार असाल तर त्या दाराला खाली, जमिनीलगत, भोकं हवीत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. वर जाळी ठेवून उपयोग नाही.

ओटा आणि टाइल्स

ओटा हलत नसेल, फाटला नसेल, तर पाडू नका. कडप्प्याला मशीनने पुन्हा पॉलिश करून मिळतं. मोठ्या गावात फरशी घासणारे असतात, तेच करतात. माझी करडी पोळीही त्यात गेली. पुढच्या धारदार कडेला त्याच वेळी गोलाई काढून घ्या. धूळ भयंकर उडते, डबे आधी दुसऱ्या खोलीत न्या.

ओट्याला खरोखरच वेगळं रूप द्यायचं असेल तर कडप्प्यावरच ग्रॅनाइट बसवता येतो. पाऊण इंचाचा दगड आणि खालचा मसाला मिळून ओटा इंच-दीड इंच उंचावतो, बुटक्या ओट्याला ते फायद्याचंच. पण खालच्या उभ्या भिंती भक्कम आहेत का ते गवंड्याकडून ठोकून पाहून घ्या, वजन वाढतं.

जुन्या टाइल्सवर नव्या बसवता येतात, फोडायचा खर्च आणि मलबा दोन्ही वाचतात. आधी प्रत्येक टाइल कालथ्याच्या दांड्याने वाजवा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ वाजली तर ती काढून जागा भरून घ्यायची. मग पृष्ठभाग खरवडून साध्या सिमेंटऐवजी टाइलचं चिकट मिश्रण वापरायचं, कारण गुळगुळीत टाइलवर सिमेंट धरत नाही. मात्र भिंतीला ओल असेल तर हा उद्योग करू नका. ओल आधी थांबवा.

किती टाइल्स लागतील? आमचं उदाहरण घ्या. ओटा आठ फूट, बाजूची भिंत दोन फूट, म्हणजे दहा फूट लांबी. दोन फूट उंचीपर्यंत लावायच्या तर २० चौरस फूट. १२ बाय १८ इंचांची एक टाइल दीड चौरस फुटाची, म्हणून १४ लागतात. कापताना फुटतात, म्हणून दोन जास्त, १६. खोक्यात सहा असतील तर तीन खोकी, आणि उरलेल्या दोन माळ्यावर जपून ठेवा. पाच वर्षांनी तोच रंग बाजारात मिळत नाही.

पांढरी शुभ्र टाइल घेऊ नका, हळदीचा डाग तिच्यावर दसऱ्याच्या झेंडूसारखा उठून दिसतो. फार काळीही नको, जड पाण्याचे ठिपके दिसतात. मातकट, राखाडी, बदामी असं काहीतरी घ्या. शेगडी आणि सिंकच्या आसपासचे सांधे इपॉक्सी ग्राउटने भरून घ्या. महाग असतं, पण लागतं थोडंच, आणि ते तेल-पाणी शोषत नाही. बाकी ठिकाणी साधं चालेल.

ओट्याखालचं जग

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते इथे. जुन्या ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे असतात, म्हणजे कपाटाचा सांगाडा तुमच्याकडे आधीच आहे, आणि तोही वाळवी न लागणारा. त्यापुढे फक्त ॲल्युमिनियमच्या चौकटीची शटरं बसवली की काम झालं. पत्र्यासारखा पातळ सेक्शन घेऊ नका, बिजागऱ्या सैल होतात. चौकटीत पीव्हीसी शीट किंवा एसीपी (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली शीट) भरून मिळते.

ट्रॉल्या सगळ्या कप्प्यांना नकोत. एक चमचे-झाऱ्यांना, एक ताटल्यांना, एक मसाल्याच्या डब्यांना, बास. जाळी स्टीलची घेताना ३०४ चा दर्जा मागा, २०२ ची स्वस्त असते पण जड पाण्याच्या ओलीत ठिपके पडतात. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, त्यावर जाऊ नका. दर्जा बिलावर लिहून घ्या.

सिंकखाली प्लायवुड नको. आमच्याकडे एका सुताराने "वॉटरप्रूफ आहे" म्हणून घातलेलं प्लाय दुसऱ्या पावसाळ्यात भिजलेल्या बट्टीसारखं फुगलं. इतर ठिकाणी प्लाय घ्यायचंच असेल तर आयएस ७१० चा शिक्का पाहा, तो पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा. आयएस ३०३ चं प्लाय कोरड्या जागी बरं.

वर्षाच्या धान्याच्या कोठ्या स्वयंपाकघरात असायलाच हव्यात असं नाही. आमच्या दोन मागच्या खोलीत गेल्या आणि इथे फक्त महिन्याचे डबे राहिले. ओट्यासमोरची तीन फूट भिंत रिकामी झाली. तिथे ड्रमसाठी सहा इंच उंचीचा चौथरा बांधून घेतला, खाली तोटी लावली. आता पाणी काढायला वाकावं लागत नाही. त्या कोठ्यांच्या मागे सासूबाईंच्या लग्नातली पितळी घागर सापडली. मोडीत घालायचा विचार आलाच तर थांबा. आमची चिंचेने घासून खिडकीत ठेवली आहे, सजावटीवर वेगळा खर्च केला नाही.

उजेड, उष्मा, रंग

मधली ट्यूब राहू द्या, पण वरच्या फळीच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेला, एलईडी पट्टी लावा. उजेड थेट हातावर पडतो, सावली मागे जाते. दिवा ४००० केल्विनचा घ्या. ६५०० चा निळसर असतो, त्यात वांग्याचं भरीतसुद्धा आजारी दिसतं.

चिमणी घ्यायची का, हा प्रश्न सगळे विचारतात. माझं मत, आधी एक्झॉस्ट पंखा. शेगडीच्या वर, शक्य तितका उंच, आणि समोरून हवा यायला दार किंवा खिडकी उघडी. हवा आत आली नाही तर पंखा नुसता गरगरतो. चिमणी घेतलीच तर तिचा पाइप घराबाहेर काढा. आत फिरवणारी चिमणी धूर थोडा गाळते, उष्मा तसाच ठेवते, आणि आपल्याला मे महिन्यात उष्माच मारतो. स्वयंपाकघरावर थेट स्लॅब असेल तर गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्या. दुपारच्या भाकरी करणारीला फरक पहिल्या दिवशी कळतो.

भिंतींना धुता येणारा इमल्शन रंग. डिस्टेंपर पुसलं की हाताला येतं. शेगडीच्या बाजूची भिंत खाली टाइल, वर ऑइल पेंट. दोन हातांना एक लिटर साधारण ५० ते ६० चौरस फुटांना पुरतो. दारं-खिडक्या वजा करून भिंती मोजा आणि तेवढाच आणा. रंग देण्याआधी भिंत सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायला विसरू नका. तेलावर दिलेला रंग कानबाईच्या आधीच पापडासारखा सुटतो.

पाटा-वरवंटा आता मोरीशेजारी, पॉलिश केलेल्या कडप्प्याच्या उरलेल्या तुकड्यावर बसवला आहे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी त्यावर हिरव्या मिरच्यांचा ठेचा वाटला, नव्या टाइल्सवर शिंतोडे उडाले, आणि फडकं घेऊन त्या स्वतःच पुसत बसल्या.